महादेवप्पाचा कानडीचा तास

सोलापुरात बाळीवेशीतल्या मठात श्रावणी सोमवारी संतांची कानडी वचनं वाचायचा मान महादेवप्पाचा होता. पांढरं धोतर, खांद्यावर इस्त्रीचं उपरणं, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. स्वामी गादीवर बसले की मागच्या दारानं तो सावकाश यायचा. चौरंगावरची पोथी उचलून कपाळाला लावायचा आणि उघडून डाव्या हातावर घ्यायचा. घसा साफ करायची त्याला कधी गरज पडली नाही. पहिल्याच ओळीला मागच्या भिंतीपाशी बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा जपमाळ थांबवायच्या. नाटक कंपनीत असता तर मालकानं त्याला पगार वाढवून धरून ठेवलं असतं, असा तो आवाज.

फक्त एक गोष्ट होती. हातातल्या पोथीतलं एकही अक्षर महादेवप्पाला वाचता येत नव्हतं.

त्यात नवल काही नव्हतं. घराणं दुधनीचं, घरात बोलणं कानडी. पण तो लहान असतानाच वडील, कल्लप्पा, सोलापूरला गिरणीत लागले आणि पोराचं नाव घातलं म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत. कानडी तोंडात राहिलं, डोळ्यांत कधी शिरलंच नाही. अशी माणसं सोलापुरात गल्लोगल्ली होती, आणि त्यांतल्या कुणाला त्याची लाज वाटायचं कारण नव्हतं.

लाज आली ती पोथीमुळं. वाचनाचा मान मूळचा कल्लप्पांचा. ते खरोखर वाचायचे. त्यांच्या मांडीला मांडी लावून पोरगं ऐकायचं, आणि ऐकून ऐकून पोथीच्या पोथी त्याला पाठ झाली. एका आषाढात कल्लप्पा गेले. श्रावण आला तेव्हा स्वामींनी पोथी मुलाच्या हातात ठेवली. रिकाम्या हातानं म्हणून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण पोथी हातात आली, समोर माणसं बसलेली, आणि बापाच्या आठवणीनं सगळ्यांचे डोळे भरलेले. महादेवप्पानं पोथी उघडली आणि म्हणायला लागला. श्वास संपला की पान उलटायचा.

पहिल्या सोमवारी सांगायला हवं होतं. दुसऱ्या सोमवारी सांगायचं तर पहिल्या सोमवारी काय केलं तेही सांगावं लागलं असतं. असे सोमवारावर सोमवार साठत गेले, वर्षं गेली, आणि बाळीवेशीत महादेवप्पा कानडीचा जाणता माणूस ठरला.

गिरणीत तो सूत काढायच्या खात्यात होता. कापसाच्या भुग्यानं छाती भरत चालली होती. पाळी सुटल्यावर नळावर खोकत उभा राहायचा तेव्हा शेजारच्या साच्यावर, म्हणजे यंत्रावर, असलेला धोंडीराम पाठीवर हात फिरवायचा. धोंडीराम टेंभुर्णीकडचा, महादेवप्पाच्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला. दोघांनी रात्रशाळेतून मॅट्रिक केलं होतं. ऑफिसात कारकुनाच्या जागा निघणार आणि कॉलेजात शिकत असलेल्या कामगारांना आधी घेणार, अशी बातमी आली. मग दोघांनी कॉलेजात नाव घालायचं ठरवलं. तास सकाळी, मग दुसरी पाळी. महादेवप्पाला डिग्रीची हौस होती, पण त्याहून जास्त हौस होती स्वच्छ हवेची. एक वर्ष वाया जाणं म्हणजे आणखी एक वर्ष भुगा गिळणं.

कॉलेजात नोकरी करून शिकणाऱ्यांना विषय निवडून द्यायला एक सर नेमलेले होते. प्राध्यापक मल्लिकार्जुन हत्तुरे. कानडी शिकवायचे. वाचनालयाच्या व्हरांड्यात टेबल टाकून बसायचे आणि समोरच्या बाकावर नर्सबाया, पोस्टमन, होमगार्ड, गिरणीतली माणसं ओळीनं बसलेली असायची. पोरासोरांच्या कॉलेजात ही माणसं बिचकायची. बाकाच्या टोकाला अर्धं बूड टेकून बसायची. हत्तुरे सर त्यांना अहो-जाहो करायचे, त्यांची पाळी, घर, लेकरंबाळं विचारायचे आणि मग विषय सांगायचे. चांगला माणूस, यात शंका नाही.

धोंडीराम आधी पुढं सरकला.

"सर, इंग्रजी म्हंजे मला काळं मांजर. आडवं गेलं की मी माघारी फिरतो. मॅट्रिकला दोनदा त्येनंच पाडलंय. आत्ताच सांगून ठिवतो, मागनं लाज नगं."

सर हसले. इंग्रजी सुटणार नाही, पण गुरुवारी जादा तास असतो, तिथं बसा म्हणाले. बाकीचे विषय त्याला झेपतील असे लिहून दिले. धोंडीराम खुशीत बाजूला झाला. येत नाही म्हणून सांगायला त्याला काहीच लागलं नव्हतं.

महादेवप्पा समोर आला तसे सर खुर्चीतून उठलेच.

"या, या महादेवप्पा. तुम्हाला मी काय सल्ला द्यायचा? मठात तुमचं वाचन ऐकून आमच्या आईनं डोळे पुसलेत. कानडी घ्या की. घरचाच विषय. हसत हसत पेपर निघतील."

महादेवप्पानं तोंड उघडलं. शेजारी धोंडीराम होता. मागं बाकावर बाळीवेशीतलाच एक पोस्टमन होता, तो मान डोलवत होता. सरांच्या चेहऱ्यावर इतका विश्वास होता की त्याच्यावर 'नाही' ठेवायला जागाच सापडेना.

"व्हय सर," महादेवप्पा म्हणाला.

कानडीच्या वर्गात पोरं मोजकीच, सगळी मिसरूड फुटलेली. हा मधल्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन. नशीब असं की पुस्तकाची सुरुवात वचनांनीच होती. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ओदरी महादेवप्पा." वाचा. महादेवप्पा उभा राहिला, पुस्तक धरलं आणि पहिला शब्द सरांच्या तोंडून निघताच पुढचं सगळं म्हणून गेला. पोरं बघत राहिली. सर वर्गाला म्हणाले, वाचन म्हणतात ते याला. त्या दिवशी महादेवप्पा घरी आला तो जेवला नाही.

वचनं संपली आणि गद्याचा पहिला धडा आला.

"ओदरी."

पुस्तक उघडं होतं. गोल गोल अक्षरं, कढईत सोडलेल्या जिलब्यांसारखी, एकीत एक अडकलेली. वर्ग वाट बघत होता. रंगभूमीवर वाक्य विसरलं तर विंगेतून कुणीतरी कुजबुजतं. इथं विंग नव्हती.

"चष्मा इसरला, सर."

सरांनी लगेच पुस्तक आपल्याकडं घेतलं, त्रास नको म्हणाले, स्वतः वाचलं. आता झाली पंचाईत. महादेवप्पाला चष्मा नव्हताच. त्याचे डोळे घारीसारखे होते. तुटलेला धागा तो चार साच्यांवरून ओळखायचा. पण उद्या चष्मा नाही दिसला तर? त्यानं मंगळवार बाजारात फुटपाथवरून एक चष्मा उचलला. घालून बघायलासुद्धा थांबला नाही, ओळखीचं कुणी बघेल म्हणून. तो निघाला कुणातरी म्हाताऱ्याच्या नंबराचा. लावला की जग पाण्यात बुडायचं. आता कानडी तर नाहीच, फळ्यावरचं मराठीही दिसेना. व्हरांड्याच्या पायरीवर पाय चुकून तो एकदा पडता पडता राहिला.

"म्हादू," धोंडीराम म्हणाला, "ह्यो चष्मा कुणाच्या आज्ज्याचा रं? मेल्यावर त्येच्यासंगं जाळायचा राहिला वाटतं."

महादेवप्पा हसला. दुकानातून कानडी बाराखडीचं पुस्तक आणायचं त्यानं मनात योजलं होतं. पण कानडी पुस्तकं ठेवणारा दुकानदार मठातलाच. त्याच्यासमोर उभं राहून बाराखडी मागायची? लेकरासाठी म्हणावं, तर पोरं मोठी झालेली. दोनदा तो दुकानापर्यंत गेला आणि उदबत्ती घेऊन परत आला.

तोंडी परीक्षा असती तर तो पहिला आला असता. पण पेपर लिहायचा होता, कानडीत. चूक दुरुस्त करायचा एकच मार्ग होता. विषय बदलायची मुदत ऑगस्टअखेरपर्यंत होती. व्हरांड्यात जायचं आणि सरांना एवढंच म्हणायचं, मला कानडी वाचता येत नाही. रोज सकाळी तो हे वाक्य घोकत कॉलेजपर्यंत जायचा. व्हरांड्यात पाय ठेवला की सरच विचारायचे, "काय महादेवप्पा, डोळे कसे आहेत?"

आणि त्या डोळ्यांनीच घात केला. श्रावणातल्या एका सोमवारी हत्तुरे सर मठात आले, हातात कोरी पोथी. धारवाडहून मागवलेली, ठळक मोठ्या अक्षरांची. स्वामींच्या पायाशी ठेवून त्यांनी सांगितलं, जुनीची अक्षरं बारीक, आमच्या महादेवप्पांच्या डोळ्यांना त्रास होतो, म्हणून ही आणली. लोकांना कौतुक वाटलं. स्वामींनी तीच पोथी महादेवप्पाच्या हातात दिली. सर स्वतःची एक प्रत मांडीवर उघडून त्याच्या शेजारी बसले, ओळीवर बोट ठेवून.

महादेवप्पानं पहिलं पान उघडलं आणि रोजच्यासारखी सुरुवात केली.

नव्या पोथीत वचनांचा क्रम वेगळा होता.

चष्म्याच्या कडेवरून त्याला सगळं दिसत होतं. सरांचं बोट ओळीवर थांबलं. सरांनी पान उलटलं, मग मागं आले, पुन्हा पुढं गेले, शोधत राहिले. आपलंच काही चुकतंय असा त्यांचा चेहरा होता. मग त्यांनी महादेवप्पाच्या हातातल्या उघड्या पानाकडं बघितलं. बघत राहिले. आणि हळूच, आवाज होऊ न देता, त्यांनी स्वतःची पोथी मिटली, हात जोडले आणि खाली मान घालून बसले.

महादेवप्पा म्हणतच होता. आवाज कापला नाही, एक शब्द मागंपुढं झाला नाही. लोक डोलत होते. त्या वेळी आपला आवाज डळमळला नाही, याचीच त्याला पुढं जास्त लाज वाटायची.

घरी जाताना बायको, काशम्मा, दोन पावलं मागून येत होती. ती कानडी मुलखातल्या इंडीकडची, अबोल, घरकामात बुडालेली. नवराबायकोचं बोलणं कानडीत व्हायचं. इथं ते मराठीत घ्यायचं.

"आज पान उलटायचं राहिलं," ती म्हणाली.

तो थांबला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"चौथीपतुर शिकलीया की मी कानडी."

"मग... पहिल्यापासनं?"

"लगीन झाल्यावर पहिल्याच श्रावणात. बायकांच्या अंगाला बसलं की पोथी सरळ दिसती."

एवढी वर्षं. एवढी वर्षं ही बाई मठातून येऊन याला भाकरी वाढत होती. तो म्हणाला, बोलली का नाहीस?

"काय बोलू? माझ्या माणसाला मीच खाली बघाय लावू? तुमी कधीतरी म्हणाल, काशी, मला शिकीव. म्हणून गप बसले."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता आलं असतं.

त्यानंतर महादेवप्पा कॉलेजात गेलाच नाही. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि तळ्याच्या काठाला बसून राहायचा, पाळीचा भोंगा होईपर्यंत. मग एके दिवशी साच्यांच्या खडखडाटात धोंडीराम त्याच्या कानाला लागला. सरांचा निरोप होता. विषय बदलायची मुदत शनिवारी संपते, त्याआधी येऊन जावं.

"तू कशाला बदलतूस रं?" धोंडीराम म्हणाला. "तुजा तर घरचा इषय."

शनिवारी महादेवप्पा गेला. चष्मा घरी ठेवून गेला. व्हरांड्यात त्या दिवशी गर्दी नव्हती. सर त्याच्याकडं न बघता टाक पुसत बसले होते. "कूडरी," म्हणाले. तो बसला, बाकाच्या टोकाला. सरांनी एक अर्ज पुढं सरकवला. सगळा लिहून तयार होता. कानडीऐवजी इतिहास. कारण: गिरणीच्या पाळीमुळे तासाची वेळ जमत नाही.

"सर, मला..."

"राहू द्या," सर म्हणाले. "सही करा."

"न्हाई सर, मला बोलू द्या. मला..."

सरांनी हात वर केला. मग पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं, आणि महादेवप्पाला दिसलं की ते डोळेही त्याच्यासारखेच खाली जायला जागा शोधतायत.

"चूक माझी आहे, महादेवप्पा. इथं बसणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो, काय येतं, काय येत नाही. तुम्हाला विचारलं नाही. आणि का विचारलं नाही, ते तुम्हाला ठाऊक नाही. कानडीच्या वर्गाला मुलं कमी होती. एक जरी कमी झालं तर वर्ग बंद, असं वरून सांगितलं होतं. तुम्ही समोर आलात आणि मला वाटलं, देव पावला."

महादेवप्पानं मान वर केली. मग म्हणाला, "तर मग ऱ्हाऊ द्या की सर. मी ऱ्हातो वर्गात. तुमचा वर्ग चालंल."

"आणि पेपरात काय लिहाल?"

महादेवप्पा अर्जाकडं बघू लागला.

"वर्ग माझा आहे," सर म्हणाले. "वर्ष तुमचं आहे. सही करा."

त्यानं सही केली, मराठीत. व्हरांड्यातून बाहेर पडताना अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, पण ते फाटकापर्यंतच. फाटकाशी त्याच्या लक्षात आलं, ते वाक्य अजून आपल्या तोंडून निघालेलं नाही. आपण ते बोलू नये म्हणून एका सज्जन माणसानं कॉलेजच्या कागदावर खोटं लिहिलं, आणि आपण त्याला ते लिहू दिलं.

आठवड्याभरात कानडीचा वर्ग बंद झाला. मिसरूड फुटलेली ती पोरं कुणी मराठीला, कुणी दुसऱ्या कॉलेजात गेली. सरांना पुढची वर्षं शाळेतल्या मास्तरासारखे दुसऱ्यांचे रिकामे तास घेत काढावी लागली. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. फक्त व्हरांड्यातल्या टेबलाशी त्यांची एक सवय बदलली. कितीही मान्यवर माणूस समोर आला तरी ते पुस्तक उघडून पुढं करायचे आणि म्हणायचे, दोन ओळी वाचून दाखवता? आणि समोरचा अडखळला तर त्याच्या आधी स्वतःच मान खाली घालायचे.

महादेवप्पा इतिहासात पास झाला, पुढं ऑफिसात गेला, खोकला कमी झाला, उशिरानं का होईना पण बी.ए.सुद्धा झाला. ते सगळं पुढचं. त्याच्या आयुष्यात मोठी म्हणावी अशी गोष्ट त्याच श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी घडली.

मधल्या सोमवारी त्यानं घसा बसल्याचं सांगितलं होतं. वाचायला किराणा दुकानवाला बसप्पा बसला. त्याला वाचता यायचं, पण कसं? बैल चिखलातून गाडी ओढतो तसं. लोक चुळबुळ करायचे. म्हाताऱ्या विचारायच्या, महादेवप्पाचा घसा कधी बरा होणार? शेवटच्या सोमवारीही तो गळ्याला मफलर गुंडाळून मागच्या भिंतीशी बसला. बसप्पाचं एकेक अडखळणं त्याच्या छातीत टोचत होतं. ओठ आपोआप हलत होते. त्यानं मफलर तोंडावर ओढला.

मध्येच बसप्पा थांबला. एका जोडाक्षराशी गाडी रुतली. त्यानं पोथी तिरकी धरून बघितली, दिव्याजवळ नेली. शेवटी उठला, माणसांतून वाट काढत थेट मागं आला आणि नवी पोथी महादेवप्पाच्या पुढं धरली.

"घसा बसलाय, डोळं न्हाईत बसलं की," तो म्हणाला. "हे काय अक्षर हाय, तेवढं बघून सांगा."

सगळ्या माना मागं वळल्या. बसप्पाचं बोट अक्षरावर होतं. कुठली ओळ चालू होती ते महादेवप्पाला ठाऊक होतं, त्यामुळं अक्षर सांगणं काहीच अवघड नव्हतं. हळू आवाजात तो शब्द म्हटला असता तर मान राहिला असता, घशाची सबबही राहिली असती. शब्द जिभेवर आलाही होता.

पुरुषांच्या पलीकडं, बायकांच्या बाजूला काशम्मा बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती आपल्या पदराची किनार बघत होती, नवरा खाली बघेल त्याच्या आधी आपण बघून घ्यावं तशी.

महादेवप्पानं मफलर सोडला.

"मला अक्षर येत न्हाई, बसप्पा," तो म्हणाला. "मला कानडी वाचताच येत न्हाई. कधीच येत नव्हतं. वळ पाठ हाय, ती सांगतो."

कुठंतरी एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, काय म्हणाला? शेजारणीनं सांगितलं नाही. स्वामी डोळे मिटून बसले होते ते तसेच राहिले. डोळे न उघडताच म्हणाले, "मग वळ सांग."

त्यानं ओळ सांगितली. तोच आवाज, पण या खेपेला तो भिंतीपर्यंतसुद्धा पोचला नाही. बसप्पानं बोटानं अक्षर अक्षर जुळवलं, मान हलवली आणि आपल्या जागी जाऊन पुढं वाचायला लागला, तसंच, चिखलातून.

महादेवप्पा बसून राहिला. उठून जावंसं वाटत होतं, पण उठायचं तर सगळ्यांच्या मधून जावं लागणार होतं. आरती झाली, प्रसाद वाटला, माणसं उठली. काही त्याच्याशी बोलली नाहीत. काही बोलली, पावसाबद्दल. दाराशी काशम्मा त्याच्या वहाणा काढून, सरळ लावून उभी होती.

दोघं चालायला लागले. गल्लीचं वळण आलं.

"काशी," तो म्हणाला, "मला..." ती थांबली, घाई न करता.